उजव्या दाराचं हँडल

ताईने दाराच्या हँडलला लावायचा एक लेप तयार केला होता. त्यावर जंतू टिकत नाहीत, असं तिचं म्हणणं. ते पडताळायला ती काम करी त्या संशोधन संस्थेच्या पुढच्या दोन दारांपैकी डाव्याच्या हँडलला लेप लावला, उजव्याचं तसंच ठेवलं. माणसं दोन्ही दारं ओढत ये-जा करत. दर आठवड्याला ताई दोन्ही हँडलं कापसाच्या बोळ्याने पुसून घेई, बोळे काचेच्या तबकड्यांवर फिरवी आणि जंतूंचे किती ठिपके उगवतात ते मोजी. तेव्हा तिच्या लेपाला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं.

मग साथ आली. अख्खं जग दाराच्या हँडलला घाबरू लागलं, आणि नेमकं तेव्हाच संस्थेला कुलूप लागलं. फ्रीजरमधले नमुने सांभाळण्यापुरतं ताईला मागच्या दाराने जाता येई. गेल्यासारखी ती वळसा घालून पुढची हँडलंही पुसून घेई. सवय, दुसरं काय.

तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे टक्कल पडलं तरी घरात छोट्याच असलेल्या छोट्याने, कायमची नोकरी सोडून लेप विकायची कंपनी काढली होती. तेव्हा त्याला वेड्यात काढणारे घरचे आता ‘आम्ही म्हणतच होतो’ म्हणू लागले. त्याने ताईच्या आकड्यांचा आलेख काढला. रेघ अशी सरळ खाली कोसळली होती की एक गुंतवणूकदार बाई करारालाच तयार झाल्या. सहीआधी ताईशी दोन शब्द, एवढंच बाकी होतं. म्हणून एका सकाळी पडद्यावर बाई आणि इकडे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ही भावंडं बसली.

“एवढी घसरण कशामुळे हो?” बाईंनी विचारलं.

“लेपामुळे,” छोट्या म्हणाला.

“कुलपामुळे,” ताई म्हणाली.

पडद्यावर माणूस कमरेच्या वरच दिसतो. टेबलाखाली छोट्याने ताईच्या पायावर पाय दिला.

“उजव्या दाराचे आकडे कुठायत रे?” तिने त्यालाच विचारलं.

“आलेखात गर्दी होत होती.”

“मॅडम, उजव्यावरही काहीच नव्हतं, लेप नसताना. महिनोन्‌महिने त्या दारांना कुणाचा हातच लागला नाही.”

पडद्यावर बाई हलेनात. “आवाज येतोय ना?” छोट्याने आशेने विचारलं.

“येतोय. म्हणजे लेप काम करत नाही?”

“तेही माहीत नाही. हात लागले की सांगते.”

“तोवर साथ सरली, तर हा लेप घेणार कोण?”

‘कळलं की कळवा,’ म्हणून बाई पडद्यावरून गेल्या.

“खोटं बोल म्हटलं होतं का मी?” छोट्या म्हणाला. “नुसतं गप्प बसायचं होतं.”

“हॉस्पिटलांना विकणारेस ना? तिथे दारं बंद नसतात, छोट्या.”

छोट्याने अबोला धरला.

संस्था उघडली आणि नवीच पंचाईत झाली. माणसं शहाणी झाली होती. कुणी बाही ओढून हँडल धरे, कुणी कोपर अडकवी. एका वरिष्ठ शास्त्रज्ञांना तर पायाने दार उघडायची कला साधली होती. ताईच्या तबकड्या कोऱ्याच राहिल्या. भिंतीकडे बघत बसलेली ताई छोट्याला बघवेना. अबोला न मोडता तो दारात जाऊन उभा राहिला.

“हात लावा हो, तळहात. नंतर साबण मी देतो.”

“कुठल्या दाराला?” टपालवाल्याने विचारलं.

“दोन्ही. भेदभाव नको.”

हळूहळू उजव्याची तबकडी ठिपक्यांनी भरली. घाण बघून एवढा आनंद झालेली माणसं त्या इमारतीत याआधी झाली नसतील. डाव्याच्या तबकडीवर ठिपके कमी होते. शून्य मात्र नव्हते.

“निम्मेच कमी?” अबोला विसरून छोट्या म्हणाला.

“निम्मे. आणि यात कुलूप नाही.”

त्याने आलेख काढला, या वेळी दोन्ही रेघांचा. पहिल्यापुढे तो अगदीच गरीब दिसत होता. तो त्याने बाईंना पाठवला. उत्तराची वाट बघत बसवेना, तेव्हा साबण उचलून तो पुन्हा खाली दाराशी गेला.