रविवारची ताडपत्री

नेरे गावात नथूच्या गच्चीवर बसवलेले सोलर पॅनल रविवारी वीज देत नसत. सोमवार ते शनिवार ते चोख चालत. रविवारी सकाळी मात्र, ऊन कितीही कडक असो, एकदम बंद पडत आणि दिवस कलला की आपोआप सुरू होत. रविवारी घरातले बहुधा बाहेर असत, त्यामुळे स्नेहलला हे मोबाइलवरच्या आलेखातच दिसे. चढत जाणारी रेघ मध्येच कड्यावरून कोसळावी तशी खाली येई आणि दुपारभर तळाला पडून राही.

स्नेहल नथूची सून. गच्ची तिने नवऱ्याशी भांडून मिळवली होती. इंद्रजितला तिथे पत्र्याच्या खोल्या काढायच्या होत्या. हिंजवडीत कामाला असलेली मुले खोल्या शोधत गावभर फिरत होती आणि आजूबाजूच्या बहुतेक गच्च्यांवर पत्रा चढला होता. स्नेहल खालच्या भाडेकरूंना डबे द्यायची. एका ऑफिसने तिला आणखी डब्यांचे काम देऊ केले होते, पण तेवढा स्वयंपाक गॅसवर केला तर हातात काही उरत नव्हते. विजेच्या शेगड्या घ्यायच्या आणि त्या दिवसा छतावरच्या विजेवर चालवायच्या, असे तिने ठरवले. सरकारी योजनेचे अनुदान होते, अर्ज मोबाइलवरून भरता येत होता. तिने तो भरला आणि मंजुरी आल्यावरच घरात सांगितले.

इंद्रजितने एक उन्हाळा दिला. "पावसाच्या आत बिल शून्यावर आलं न्हाई, तर पॅनल खाली आन खोल्या वर," तो म्हणाला. पत्र्यावरही पॅनल बसतात, पण त्यासाठी नवा ढाचा आणि पुन्हा खर्च. एकदा उतरले की ते परत चढणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होते.

पॅनल बसवणारा कौस्तुभ बावधनहून येऊन वायरी, जोड, इन्व्हर्टर सगळे तपासून जाई. तो येई तेव्हा सगळे व्यवस्थित असे.

"ताई, तुमचे पॅनल सरकारी नोकरीत लागलेत," मे महिन्यातल्या फेरीत तो म्हणाला. "रविवारची सुट्टी घेतात."

"थट्टा पुरे. पाऊस तोंडावर आलाय."

"बघा की, आत्ता फुल्ल चालू आहे. बिघाड असता तर इन्व्हर्टरने एरर दाखवला असता."

"मग रविवारी काय होतं?"

"तेच कळत नाही. आता बंद पडले की मला फोन नका करू, आधी स्वतः वर जाऊन बघा."

नथू जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होता. सत्तरी ओलांडलेला, पण जिना चढताना कठड्याला हात न लावणारा. "पोरा, एक इचारू का?" तो म्हणाला. "घरात कोनी नसताना हे चालून उपेग काय?"

"वाया नाही जात, काका. घरात लागली नाही तर वीज बाहेर लाइनवर जाते."

"व्हय, त्येच तर," नथू म्हणाला. त्याच्या बोलण्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. चहा झाला, कौस्तुभ गेला.

पुढच्या रविवारी भूगावात स्नेहलच्या बहिणीच्या मुलीचे बारसे होते. इंद्रजित आपल्या मुलीला घेऊन गाडीने पुढे गेला, स्नेहल मागून स्कूटरने निघाली. नथू म्हणाला, गुडघे धरलेत, मी घरीच बसतो. भाडेकरू शनिवारीच आपापल्या गावी गेले होते.

पाळण्याची दोरी हातात असताना स्नेहलने मोबाइल पाहिला. रेघ कोसळली होती. बाहेर ऊन असे होते की मांडवाचे कापड तापले होते. तिने दोरी बहिणीच्या जावेकडे दिली आणि स्कूटर काढली.

घरी जिन्याचे दार उघडे होते. गच्चीवर पॅनल दिसतच नव्हते. कमरेएवढ्या उंचीच्या त्या ढाच्यावर निळी ताडपत्री पसरलेली होती, भात झाकायला वापरतात ती. कडेने विटा ठेवलेल्या होत्या, वाऱ्याची बाजू दोरीने आवळलेली होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत नथू मांडी घालून बसला होता. गुडघ्यांचे काही दिसले नाही.

"मामा! हे काय केलंत?"

"आलीस व्हय?" नथू दचकला नाही. "बारसं उरकलं येवढ्यात?"

"दर रविवारी तुम्हीच झाकताय?"

"दर रविवारी कशाला? घरात मानूस असलं की न्हाई झाकत. कोनी नसलं की झाकतो. घरात जळायची न्हाई ती वीज बाहीर कशाला सोडायची?"

स्नेहल टाकीला टेकून उभी राहिली. महिनोन् महिने ती कौस्तुभला फोन करत होती, इंद्रजितचे टोमणे ऐकत होती.

"मला सांगायचं तरी."

"तू इचारलंस कवा? त्या पोराला इचारत व्हतीस."

मग त्याने आपले म्हणणे मांडले. ते नवे नव्हते, फक्त गच्चीवरच्या पॅनलशी त्याचा संबंध कोणी लावला नव्हता. मुळशीचे धरण झाले तेव्हा नथूच्या आजाचे गाव पाण्याखाली गेले. त्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली. आजा नेऱ्यात आला, पुन्हा जमीन केली आणि चिमणीच्या उजेडात म्हातारा होऊन मेला. "माज्या लग्नात गॅसबत्त्या व्हत्या," नथू म्हणाला. "आन धरनाच्या तारा आमच्याच डोईवरनं जायच्या. आज्याची जिमीन घेतली, आता नातवाचं ऊनबी घ्येनार?"

"मामा, ही मुंबईला नाही जात. आणि कोणी घेत नाही, ठेवून घेतात. पावसाळ्याची बेगमी करतो ना आपण, गोवऱ्या, लाकडं, डाळी? तशी. आता जेवढी जास्तीची जाईल तेवढी बिलात जमा राहते. आषाढात ऊन नसतं तेव्हा ती वळती होते."

"बेगमी आपल्या माळ्यावर असती. दुसऱ्याच्या माळ्यावर ठिवली तर तिला बेगमी म्हनत न्हाईत. मार्चअखेरच्या हिशेबाला उरली तर?"

"तर पैसे देतात. थोडे."

"भाव कोन ठरवनार?"

"ते ठरवतात."

"बग," नथू म्हणाला.

नियम बदलणार, दिवसाची वीज रात्रीच्या बिलात धरायची नाही, असे काहीतरी मध्यंतरी पेपरात येऊन गेले होते. घरगुतीला लागू होणार की नाही हे तिला नीट समजले नव्हते. तिने ते नथूला सांगितले नाही. खोटे बोलली असेही नाही.

"मुंबैला जात न्हाई, तर मंग जाती कुटं?" नथूने विचारले.

"कोपऱ्यावरच्या डीपीवर, त्या ट्रान्सफॉर्मरवर. तिथनं ज्याला लागेल त्याला. म्हणजे आधी जवळच्याच घरात."

दोघांनी एकाच वेळी बांधापलीकडे पाहिले. त्या डीपीवरचे सगळ्यात जवळचे घर हैबतरावाचे होते. शेताच्या बांधावरून हैबतरावाचा आणि नथूचा दावा इंद्रजितच्या जन्माआधीपासून चालू होता. हैबतरावाच्या भिंतीवर एसीचे खोके घरघरत होते आणि त्यातून पाणी ठिबकत होते.

"हैबत्या?" नथू उठून उभा राहिला. "माज्या उनावर हैबत्या गारव्याला पडतो?"

स्नेहलने कपाळाला हात लावला. खरे बोलून तिने काम आणखी बिघडवले होते. "मामा, तुम्ही असंच झाकत राहिलात तर गच्ची जाईल. इथं खोल्या होतील. माझ्या शेगड्या, माझे डबे, सगळं राहून जाईल."

नथूने ताडपत्री काढली नाही. ती स्नेहलनेच काढली.

संध्याकाळी जेवताना इंद्रजितने नवे बिल ताटाशेजारी ठेवले. "कमी झालंय, पन शून्य न्हाई. पत्रेवाला मनीष उद्या माप घ्यायला येतोय."

स्नेहल भाकरी थापत होती. सासऱ्याचे नाव घ्यायचे की गच्ची सोडायची, हे तिचे दुपारपासून ठरत नव्हते. तिने भाकरी उलटली.

"पॅनल बंद पडत न्हाईत," नथू म्हणाला. "मी झाकतो."

इंद्रजितचा घास हातातच राहिला. "आप्पा, डोकं फिरलंय का तुमचं? का झाकता?"

"घरात कोनी नसलं की आपली वीज हैबत्याकडं जातीया."

"फुकट नाही जात," स्नेहल म्हणाली, "बिलात वळती..."

पण इंद्रजित ताटावरून उठला होता. तो जिन्यावर गेला, बांधापलीकडे पाहून परत आला. बांधाच्या तारखांना आता तोच कोर्टात जात असे.

"त्याचा एसी दिवसभर चालू असतो," तो म्हणाला. "दुपारी बायको झोपती त्याची."

"मंग?" नथू म्हणाला.

"मंग काय? दिवसाची वीज हितंच जाळायची." इंद्रजित पुन्हा ताटावर बसला. "तुझ्या त्या शेगड्या किती लागतात?"

"दोन," स्नेहल म्हणाली. तिने दुसरी भाकरी घेतली. "आणि बेगमीचं काय? रविवारी डबे नसतात. झाकलं तर पावसात काही उरणार नाही."

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिले. शेवटी नथू म्हणाला, "ह्या पावसाळ्यापुरतं उघडं ठेवू. बगू देत्यात का परत."

मनीष माप घ्यायला आला नाही. इंद्रजितने त्याला फोन करून श्रावणानंतर बोलू असे सांगितले. शेगड्या आल्या, ऑफिसचे डबे सुरू झाले. रविवारी नथू गच्चीवर बसे आणि हैबतरावाच्या खोक्याकडे बघत राही, पण पॅनलला हात लावत नसे.

आषाढात सूर्य दिसला नाही. आलेखातली रेघ जमिनीवरून उठेना. बिल आले त्या दिवशी स्नेहलने ते जिन्याच्या पायरीवर उभे राहून नथूला वाचून दाखवले. उन्हाळ्यातली जमा आली होती. ती पुरी पडली नव्हती, पण बिलाचा मोठा भाग त्या जमेने खाल्ला होता.

"दिली म्हनायची," नथू म्हणाला.

"दिली ना. पुढच्या महिन्यातही देतील."

"दिली की सांग."

तो गच्चीवर गेला. ताडपत्रीच्या घडीत पावसाचे पाणी साचले होते. त्याने ती झटकली, पुन्हा घडी घातली आणि टाकीच्या मागे, हाताशी येईल अशी ठेवून वर वीट ठेवली. स्नेहल कपडे काढायला वर आली तेव्हा तिला ती दिसली. तिने ती खाली नेली नाही.