बनीला लपवणारी कणगी

मी एक जुनी कणगी आहे, मित्रांनो. मेढ्याच्या एका म्हाताऱ्या बुरुडाने कळकाच्या कांबी विणून मला घडवले. बैलगाडीतून मी डोंगरातल्या एका गावी नाथाजी पैलवानाच्या घरी आले. त्याच्या बायकोने, रंगुबाईने, मला शेणामातीने लिंपून माजघरात उभे केले. सुगीत मी गळ्यापर्यंत भाताने भरे. आयाबाया म्हणत, "रंगू, तुजी कणगी म्हंजे घरातली लक्ष्मीच हाय!" ते ऐकून मला मोठा अभिमान वाटे. उन्हाळा सरता सरता मात्र मी रिकामी होई. अशाच रिकाम्या दिवसांत माझ्या हातून एक चूक घडली.

तेव्हा महायुद्ध चालू होते. खालच्या गावांतून देवीची साथ वर सरकत होती. लस टोचायला तवनाप्पा नावाचे गृहस्थ पायी फिरत. ते सांगलीकडचे जैन. गाव त्यांना देवी डाक्टर म्हणे.

नाथाजीला ते नाव खपत नसे. "रोज दोन शेर दूध पितो मी," तो म्हणे. "ह्या अंगाला देवी शिवायची न्हाई. आन बनीच्या अंगात माजंच रगत हाय." बनी म्हणजे त्याची सहा वर्षांची लेक. त्याची थोरली बहीण अंबूबाई, विधवा, त्याच्याच घरी राहायची. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. नाथाजी तिच्याकडे बोट दाखवी. "आक्काला कुणी टोचलं हुतं? अंगानंच झुंज दिली न्हवं?" अंबूबाई चूल फुंकत राही.

एके दिवशी देवी डाक्टर आळीत आल्याची हाक आली.

"आवं, समद्यांनी टोचून घेतलंय," रंगुबाई म्हणाली. "आपन बी..."

नाथाजीने नुसते डोळे वटारले. रंगुबाईने बनीला उचलले आणि माझ्यात उतरवले.

"आई, अंधार हाय."

"गप ऱ्हा, बाय माजी. त्ये गेलं की काडते."

वरून झाकण पडले. बनी माझ्या कुडाला चिकटून बसली. तिच्या छातीची धडधड मला जाणवत होती. भाताचा कोंडा तिच्या नाकातोंडात जात होता. खोकला दाबायला तिने तोंडात मूठ कोंबली. झाकणावर रंगुबाईचा हात होता. तिला झाकण काढायचे होते आणि काढवत नव्हते.

"पोर मामाकडं गेलीया," नाथाजीने दारातून सांगितले.

तेवढ्यात बनीला ठसका लागला. सगळ्यांनी ऐकला. तवनाप्पांनी पिशवी खाली ठेवली.

"पैलवान, मी पोरीला वडून काडनार न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "पर आयका. अंगात लय ताकद हाय, मान्य. तालमीत समोरचा गडी दिसतो, त्याचे डाव म्हाईत असतात. ह्यो गडी अंगाच्या वळखीचाच न्हाई. त्याला वळखायला शिकंपतुर अंग हरतंय. लस म्हंजे आदीच वळख करून देनं."

"झालं तुमचं? मग निघा," नाथाजी म्हणाला.

ते गेले. बनी घामाने चिंब होऊन बाहेर आली. रंगुबाईने त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही.

पुढे नाथाजी खालच्या गावी कुस्त्यांना गेला. जिंकून आला. बारा-तेरा दिवसांनी तो तापाने फणफणला, आणि तिसऱ्या दिवशी कपाळावर पुरळ उठले. अंबूबाईने ते जवळून पाहिले.

"रंगू, पोरीला घिऊन भाईर हो. आत्ताच्या आत्ता. मी बगते ह्याच्याकडं. मला देवी पुन्यांदा व्हायची न्हाई."

"कशाला भ्येतीस, आक्का?" नाथाजी तापातच म्हणाला. "तू जगलीस, तशी आमी बी जगू."

"मी जगले, नाथा. पर तू जलमायच्या आदी आमी पाच भावंडं हुतो. येका पंधरवड्यात आईनं तिघास्नी पुरलं. चवथा आंदळा झाला, मग त्यो बी गेला. तू माज्याकडं बोट दावतोस. त्यांच्याकडं कोन दावनार?"

नाथाजीने तोंड फिरवले. त्याच्या होकारासाठी रंगुबाई थांबलीच नाही. बनीला काखोटीला मारून ती तीन कोस चालली आणि मेढ्यात मुक्कामाला असलेल्या तवनाप्पांसमोर उभी राहिली. त्यांनी दोघींना टोचले. "उशीर झालाय," ते म्हणाले, "पर अजून येळ गेली न्हाई." मग मायलेकी शेतातल्या खोपीत राहिल्या.

इकडे घरात देवी असल्याची खूण म्हणून दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. आत आम्ही तिघे कोंडलो. दोन शेर दूध पिणाऱ्या माणसाच्या घशाखाली चमचाभर पाणी उतरेना. तो एकच शब्द विचारी, "बनी?" अंबूबाई दाराला कान लावी. रंगुबाई रोज बांधावर येऊन ओरडून सांगे. एक दिवस ती म्हणाली, "वन्सं, पोरीला ताप चडलाय." दुसऱ्या दिवशी, "फोड आल्यात." मग दोन दिवस ती आलीच नाही. ते दोन दिवस अंबूबाई पुन्हा पुन्हा दाराशी जाऊन येई.

तिसऱ्या दिवशी हाक आली, "सातच फोड हुतं, वन्सं! वाळाय लागल्यात. पोरगी भाकर मागतीया!"

नाथाजी उशीत तोंड खुपसून रडला.

पाच आठवड्यांनी दार उघडले. अंथरुणे जाळली. मला उन्हात टाकले, चुना फासला आणि गोठ्यात ढकलले. पुन्हा कोणी माझ्यात धान्य भरले नाही. त्याची मला तक्रार नाही. नाथाजी अंगणात बसला होता. त्याच्या तोंडभर वण होते आणि उजवा डोळा पांढरा झाला होता. बनी त्याच्याकडे बघत राहिली.

"आबा, तुमीच हाय का?"

"व्हय, बाय. मीच. माजी चूक झाली."

बनी हळूच त्याच्या मांडीवर जाऊन बसली.

मित्रांनो, दूध प्या, जोर काढा, अंग कमवा. पण लस टोचायला कोणी आले तर हात पुढे करा. तुमची जबाबदारी तुमच्यापुरती नसते, शेजारच्या तान्ह्या पोराचीही असते. आणि "आमच्या घरात कुणाला काही झालं नाही" असे कोणी फुशारकीने म्हणाले, तर जी पोरे वाचली नाहीत त्यांची नावे त्याला एकदा विचारा.