हिरव्या दोऱ्याची चूक

बाइंडरबाईंनी आयुष्यभर हजारो पुस्तकं शिवली, वाचलं मात्र एकही नाही. "खळीनं हात बरबटलेले, पानं कशानं उलटू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी वाचनालयाच्या ग्रंथपालबाईनं, म्हणजे त्यांच्या जिवलग मैत्रिणीनं, एक जाडजूड कादंबरी त्यांच्या मांडीवर आदळली.

"शनिवारी वाचकमंडळ हिला रद्दीत काढणार आहे. माझ्या आवडीची नुसती टिंगल चाललीय. तू वाच आणि सांग, मी वेडी आहे का?"

कादंबरीत पूल बांधणारी एक इंजिनियर तीनशे वर्षं मागे जाऊन पडते आणि एका नकाशेवाल्यावर भाळते. लढाई, खून, गूढ, प्रेम, सगळं एकाच भांड्यात! बाई पार हरवल्या. खळ वाळून दगड झाली, तरी पुस्तक सुटेना.

शेवटी मात्र घोळ. आधी दोघं म्हातारपणी हसताना दिसतात, मग नकाशेवाला लढाईत मेल्याची बातमी येते, आणि "तिनं दार उघडलं आणि" इथंच पुस्तक संपतं. मंडळाचे मास्तर म्हणायचे, ही कालप्रवासाची शैली, आणि तीही भिकार.

बाईंचा अंगठा शिवणीवर गेला. हिरवा दोरा! आठ वर्षांपूर्वीचं त्यांचंच काम. शेवटचे दोन फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, त्यांनी उलट क्रमानं शिवले होते. पानांचे आकडेही कडा कापताना उडवलेले. बोलावं तर वाचनालयाचं काम हातचं जाणार, गप्प राहावं तर मैत्रीण वेडी ठरणार.

शनिवारी मास्तर म्हणाले, "रद्दीच्या बाजूनं हात वर करा."

"खबरदार!" बाई उठल्या. "शैली कसली डोंबलाची? चूक माझी आहे."

सगळ्यांसमोर त्यांनी दोरा कापला, घड्या बदलल्या आणि खणखणीत वाचलं, "तिनं दार उघडलं आणि समोर तो उभा होता, धुळीनं माखलेला, तिच्याच नावाचा नकाशा हातात घेऊन."

मग कुणीतरी नाक शिंकरलं. "थांबलात का? पुढे वाचा की!" मास्तरच ओरडले.

"रांगेत या, मास्तर. पहिला मान हिचा."

ग्रंथपालबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. "अगं, म्हणजे तो जिवंत आहे? आठ वर्षं मी त्याच्यासाठी रडतेय!"

"ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "त्याला मारलं होतं ते माझ्या सुईनं."