धोकादायक गोदामाचे खांब

लोखंडी सांगाड्यात खांब आणि तुळई जिथे भेटतात तो जोड ना पुरता ताठ असतो, ना बिजागरीसारखा सैल. तो मधला, म्हणजे अर्धदृढ असतो, आणि त्या मधलेपणावर खांबाची ताकद ठरते. या विषयावर इंजिनिअर बाईंनी सहा वर्षं घालवली, पदवी मिळवली आणि ऑफिसात 'अर्धवट बाई' हे नावही. 'अर्धदृढ' म्हणायला जीभ वळत नाही, असं लोक सांगत. बाईंना खरं कारण माहीत होतं.

एका कंपनीला आपलं दुमजली गोदाम पाडून तिथे नवी इमारत उभारायची होती. धडधाकट इमारत पाडायची तर परवानगीला दोन-तीन वर्षं. धोकादायक असेल तर महिन्याभरात. बाईंच्या ऑफिसातल्या साहेबांनी काम घेतलं आणि बाईंना तपासणीला पाठवलं.

गोदाम सांभाळणारा म्हातारा फिटर त्यांना शिडीवर घेऊन गेला. प्रत्येक तुळईच्या टोकाशी खाली एक आणि वर एक असा काटकोनी लोखंडी तुकडा खांबाला बोल्टांनी कसलेला होता.

"हे कुणी कसले?" बाईंनी विचारलं.

"मीच. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. मुकादम म्हणायचा, इतकं कशाला आवळतोस, पगार तेवढाच आहे."

बाईंनी तीन दिवस मापं घेतली. खांब सुरक्षित होते, आणि वर ताकदीची चांगली शिल्लकही होती.

साहेबांनी आकडे बघितले आणि चष्मा काढून ठेवला. "जोड ताठ आहे की बिजागरी?"

"दोन्ही नाही. पण ताठच्या जवळ."

"जवळ-लांब नातेवाईक असतात, बाई. रिपोर्टात एकच लिहिता येतं. बिजागरी धरा."

बिजागरी धरली की तुळई खांबाला अजिबात आवरत नाही. मग अख्खा खांब जमिनीत रोवलेल्या काठीसारखा एकटा पडतो आणि त्याची ताकद चौथाईवर येते. बाईंनी तसं गणित केलं. गोदाम कागदावर धोकादायक ठरलं. 'जोडांची प्रत्यक्ष ताकद विचारात घेतलेली नाही' अशी बारीक अक्षरातली तळटीप टाकून त्यांनी सही केली.

घरी सासूबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"अगं, मग तू खोटं लिहिलंस का?"

"नाही आई. गणित बरोबर आहे."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि पुढची जुडी सोडली. त्या 'बरं'नंतर बाईंनी रिपोर्टाची प्रत काढून तळटीप पुन्हा वाचली.

परवानगी तेवीस दिवसांत आली. पाडकामाच्या कंत्राटदाराने रिपोर्ट वाचून आठ दिवसांची बोली दिली. पत्रे उतरवले, भिंती पाडल्या, उघड्या सांगाड्याला तारेचा दोर बांधला आणि यंत्राने ओढलं. सांगाडा वीतभर झुकला. दोर सैल सोडल्यावर पुन्हा सरळ झाला. दुसऱ्या दिवशी दोर तुटला. अकराव्या दिवशी कंत्राटदार रिपोर्ट घेऊन ऑफिसात आला.

"साहेब, तुमच्या कागदावर हा वाऱ्यानं पडायला पाहिजे. इथं माझं यंत्र मागं सरकतंय. यातलं खरं काय?"

साहेबांनी बाईंकडे बघितलं. दोघं गाडीने गोदामाकडे निघाले.

बाईंनी सांगितलं, आधी ओढू नका. क्रेनने आधार द्या आणि प्रत्येक जोडातला एकच बोल्ट ठेवून बाकीचे काढा, म्हणजे जोड खरोखरच बिजागरी होतील. कंत्राटदाराच्या माणसांना बोल्ट हलेनात. शेवटी फिटरला बोलावलं. त्याने तेल सोडलं, थांबला, लांब पान्याला पाइप जोडला आणि एकेक बोल्ट फिरवायला लागला. पाच दिवस गेले.

"वाईट वाटतंय का?" बाईंनी शिडीखालून विचारलं.

"वाईट कशाचं? आपण आवळलेलं दुसऱ्या कुणाला सुटत नाही, हे बघायला मिळालं. किती जणांना मिळतं?" मग तो म्हणाला, "कागदावर हे कच्चं कुणी ठरवलं?"

"मी."

त्याने मान हलवली आणि पुढच्या जोडाकडे सरकला. त्यानंतर दोन दिवस तो कामापुरतंच बोलला.

सहाव्या दिवशी आधार काढून दोर हळूच ओढला. सगळा सांगाडा एका बाजूला कलला आणि आडवा झाला. साहेब फोटो काढायला हजर होते.

"बघा," ते कंत्राटदाराला म्हणाले, "जोड बिजागरी धरले तर पडणार, असंच रिपोर्टात लिहिलं होतं. अगदी तसंच पडलं."

कंत्राटदाराला वाद घालायचा नव्हता. त्याला पुढच्या कामाची घाई होती. जाताना त्याने बाईंचा फोन नंबर मागून घेतला. महिन्याभरात आणखी तिघा पाडकामवाल्यांनी फोन केले. जुने सांगाडे कुठे सोडवले की पडतात, हे सांगणाऱ्या बाई म्हणून त्यांचं नाव झालं. साहेबांनी त्यांच्यासाठी वेगळी खोली केली आणि दारावर 'पाडकाम सल्लागार' अशी पाटी लावली.

सांगाडे कशाने उभे राहतात हे विचारायला मात्र अजून कुणी आलेलं नाही. फिटर एकदा आला होता, निवृत्तीच्या कागदावर 'काम चोख होतं' अशी कुणाची तरी सही हवी होती म्हणून. बाईंनी कागद दोनदा वाचला, मग सही केली. तळटीप टाकली नाही.