रान मोकळं झालं की ये

माझं तोंड वाईट हाय. मालक असताना म्हणायचे, प्रयाग, तुझी उचलली जीभ की लावली टाळ्याला. मालक गेले, जीभ काय सुधारली न्हाय. म्हणून सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत जे झालं ते मी लपवत न्हाय. लपवून लपलं बी नसतं, शे-दीडशे माणसं बसली व्हती.

सरपंच योगिनीनं त्या दिवशी ठराव वाचला. गावच्या शिवारात कुणाला हौसेनं बंदूक चालवायची असंल, मग ते त्याचं खाजगी रान का असंना, तर तीन गोष्टी पाळायच्या. निशाणाच्या मागं दहा फूट उंच मातीचा भराव घालायचा. खेळ चालू असंल तवर लाल झेंडा लावायचा. आन् आदल्या दिवशी पंचायतीला कळवायचं, म्हणजे देवळाच्या भोंग्यावरून गावाला सांगता येईल. तिनं कुणाचं नाव घेतलं न्हाय. घ्यायची गरजच न्हवती. असला खेळ अख्ख्या गावात फक्त आमच्या माळावर चालायचा, आन् सातबारा माझ्या नावावर.

मी पदर खोचून उठले. म्हणलं, "माझ्या रानात मी काय करते, ते देवळाच्या भोंग्यावरून सांगू व्हय? उद्या म्हणाल, चूल पेटवायच्या आधी बी पंचायतीला कळवा."

माणसं हसली. माणसं हसली की मला जोर चढतो, ही जुनी खोड. टेबलावरचा ठरावाचा कागद मी उचलला आन् सगळ्यांदेखत फाडला. योगिनी माझ्या सुनंच्या वयाची पोर. ती चिडली न्हाय. खाली पडलेले तुकडे गोळा करत एवढंच म्हणाली, "काकी, गोळीला बांध कळत न्हाय." सभेला आमच्या भावकीचीच माणसं जास्त, हात काय वर झाले न्हाईत. ठराव पुढच्या सभेवर गेला आन् मी लढाई मारल्यागत घरी आले.

आता माळाचं सांगते. युवराज, माझा एकुलता एक, वालचंदनगरला कंपनीत कामाला व्हता. ती नोकरी सोडून त्यानं माळावर हुरडा पार्टी सुरू केली. पुण्याची माणसं गाड्या घेऊन यायची, हुरडा खायची, झोके घ्यायची, बैलगाडीत बसून फोटो काढायची. कोणाचं काय वाईट न्हवतं. मग गेल्या साली एक पाव्हणा आपली लायसनची रायफल घेऊन आला आन् म्हणाला, हितं नेम धरू का? एकाचं बघून दुसरा आला. दर रविवारी दोन-चार बंदुका यायला लागल्या.

माळाच्या टोकाला मुरमाचं एक टेकाड हाय, पुरुषभर उंच असंल नसंल. त्याच्या अंगाला बाटल्या आन् पत्र्याच्या थाळ्या मांडायच्या आन् अलीकडून नेम धरायचा. टेकाडाच्या पलीकडं उतार, आन् उतारावर आमचा एकराचा खोडवा ऊस, जुन्या बुडख्यांवर पुन्यांदा फुटलेला. नेम चुकून एखादी गोळी टेकाडावरून गेलीच तर उसात पडंल, उसाला काय व्हतंय, असं युवराज म्हणायचा. मला बी पटायचं. रविवारी आपला गडी तिकडं जाऊ द्यायचा न्हाय, झालं. पण ऊस काय जलमभर उभा ऱ्हात न्हाय. एवढी साधी गोष्ट, तीस वर्सं ऊस लावणाऱ्या बाईच्या डोक्यात आली न्हाय.

आन् म्हाळसा. म्हाळसा मोरगावच्या अंगाची, जिराईत मुलखातली. चाळीस-पन्नास मेंढरं. तिच्या भावकीतली बाकीची समदी बारामतीला टेम्पोवर न्हायतर कारखान्यात कामाला गेली, ही एकटी मेंढरांमागं ऱ्हायली. मी लग्न करून आले त्या सालापासून ती आमच्या रानात मेंढ्या बसवायला येती. ज्यांना ठावं न्हाय त्यांना सांगते: पीक निघालं की मेंढरं तीन-चार रात्री रानात मुक्कामाला बसवायची, लेंड्यामुताचं असं खत व्हतं की दुकानातल्या पोत्याला जमायचं न्हाय. आन् ह्याचा एक रिवाज हाय. मेंढ्या बसल्या की तेवढं रान मेंढीवालीचं अंगण. आमी मालक असून बी तिला हाळी दिल्याशिवाय आत जात न्हाय. मेंढ्या कवा उठवायच्या ते रानवाल्यानं सांगायचं. आन् त्या आल्या की त्यांच्या जिवाची राखण बी रानवाल्यावर.

पौषात म्हाळसा नव्या सुनंला घेऊन भेटायला आली व्हती. सून सृष्टी, बारीक अंगाची, धीट नजरंची. मी म्हणलं, म्हाळसे, ह्या तोडीनंतर खोडवा मोडायचाय, हिला घेऊनच ये, पयल्यांदा रानात येईल तवा वटी भरीन. तिनं विचारलं, कवा येऊ? मी म्हणलं, "रान मोकळं झालं की ये. निरोपाची वाट कशाला बघती, रान तुझंच हाय." खण आन् नारळ मी त्याच दिवशी काढून ठेवला.

आमच्या उसाची तोड फेब्रुवारीच्या पंधरा तारखेनंतर धरली व्हती. पण शेजारच्या गावात टोळी रिकामी झाली आन् आठ दिवस आधीच आमच्या फडात शिरली. शनिवारी सांजच्याला शेवटची ट्रॉली भवानीनगरच्या कारखान्याच्या रस्त्याला लागली. मी खूश. युवराजला सांगायचं की उद्या बंदुका नको, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय. त्याच्या बी आलं न्हाय. त्याला हुरड्याची कणसं कमी पडतील ह्याचीच काळजी.

रविवारी दहा-साडेदहाला मी वस्तीच्या ओट्यावर तूर पाखडत बसले व्हते. आमचा ओटा अशा जागी हाय की माळ बी दिसतो आन् टेकाडामागचा उतार बी. माळावरून टेकाडापलीकडचं दिसत न्हाय, उतारावरून माळ दिसत न्हाय. दोन्ही फक्त माझ्या ओट्यावरून दिसतं. बंदुका चालू झाल्या व्हत्या. एक बार, मग थांबा, मग दुसरा बार. कानाला सवय झालेली, मी मान बी वर करत न्हवते.

सूप झटकायला उठले आन् उताराकडं बघितलं. रान पांढरं दिसत व्हतं. मी म्हणलं पाचट वाळलं. मग ते पाचट हललं. मेंढरं. मोकळ्या रानात पसरलेली, आन् मधोमध म्हाळसा खुंटी ठोकायला वाकलेली, आन् सृष्टी मेंढरं कोंडायची जाळी धरून उभी. टेकाडाच्या बरोब्बर मागं.

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. वरडले. इतकी वरडले की घसा फाटला. माळावरच्या माणसांच्या कानावर ती जाड टोपणं असतात, बाराचा आवाज लागू नये म्हणून. त्यांना काय ऐकू येतंय? म्हाळसा वाऱ्याच्या उलट्या अंगाला, तिलाबी न्हाय. फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्यांदा लावला. युवराजचा फोन तिकडं गाडीत पडलेला असणार. तेवढ्यात बार झाला. एक मेंढरू उडाल्यासारखं झालं आन् आडवं पडलं. सृष्टी त्याच्याकडं पळाली. तिला वाटलं असंल, बार म्हणजे कुणी पाखरं हाकलतंय आन् मेंढराचा पाय मुरगळला. तिला काय ठावं.

म्हाळसाकडं पळावं तर गोळीच्या वाटंत जायचं, आन् तिथनं बी बंदूक थांबणार न्हाय. मी माळाकडं पळाले. गुडघा धरला त्याला दोन वर्सं झाली, वाटी झिजलीय, डॉक्टर म्हणतो जिना चढू नका. पायात चप्पल न्हाय. अडीचशे पावलं असतील. देवाशपथ सांगते, त्या अडीचशे पावलांत मला मालक आठवले न्हाईत, देव आठवला न्हाय, फक्त फाटलेला कागद आठवला. भोंग्यावरून एकदा सांगितलं असतं तर मेंढरं घेऊन दोन गावांपलीकडं उतरलेल्या म्हाळसाला ऊस निघाल्याचं जसं कळलं, तसं हे बी कुणी ना कुणी तिच्या कानावर घातलंच असतं. आणखी दोन बार झाले. मागं वळून बघायची हिंमत न्हाय.

एका बाजूनं पोचले तवा एक पाव्हणा रायफलीला गाल लावून बसला व्हता आन् युवराज त्याच्या मागं उभा, नजर बाटल्यांवर. हात लावून थांबवायला अजून वीस-पंचवीस पावलं. त्याचं बोट मला दिसत व्हतं. मग मी सरळ आडवी गेले, त्याच्या आन् बाटल्यांच्या मधी. उभी ऱ्हायले. माझ्या डाव्या अंगानं काय तरी सटकन गेलं आन् मागं बाटली फुटली. मग युवराजची किंकाळी ऐकू आली, आई म्हणून. पाव्हण्यानं रायफल टाकून दिली.

"पल्याड म्हाळसा हाय," मी म्हणलं.

समदे टेकाडावरून पळाले. मी बसत-उठत मागनं गेले. दोन मेंढ्या मेलेल्या. त्यातली एक घंटावाली, जिच्या मागं समदा कळप चालतो ती. म्हाळसा सृष्टीला पोटाशी धरून सरीत पालथी पडली व्हती, वरनं घोंगडी ओढलेली. गोळीपुढं घोंगडी. घोंगडीच्या कडंला बोट जाईल एवढं भोक व्हतं. मी ती बाजूला केली. दोघी जित्या व्हत्या, धडधाकट व्हत्या. मी तिथंच मातीत बसले आन् मोठ्यानं रडले. म्हाळसा रडली न्हाय. ती उठली, सृष्टीच्या अंगावरची माती झटकली आन् जाळीच्या खुंट्या उपटायला लागली. मी तिला थांब म्हणलं, दोनदा म्हणलं. मी उठवा म्हणल्याशिवाय मेंढ्या उठत न्हाईत हा तिच्या आजीपासूनचा रिवाज. तिनं उठवल्या. मेलेल्या दोन्ही तिथंच सोडून, माझ्याकडं न बघता, ती बांधावरून गेली. घंटावाली न्हाय म्हणताना मेंढरं कशीबी चालली व्हती.

घरी आल्यावर युवराजनं माझे पाय धरले. म्हणाला, मेंढ्या पुरून टाकू, म्हाळसाला मी समजावतो, कुणाला बोलू नको. पाव्हण्याचं लायसन जाईल, माझ्यावर केस व्हईल, समदा धंदा बसंल. आपलेच दात आन् आपलेच ओठ. पोटच्या पोराला काय म्हणावं? मी गूळ-पाणी प्याले, चप्पल घातली आन् गावात गेले. पुजाऱ्याला म्हणलं, भोंगा चालू कर.

त्यानं माईक हातात दिला. "मी प्रयागबाई बोलते. आज माझ्या रानात गोळी चालली. म्हाळसाची दोन मेंढरं मेली, दोन माणसं मरता मरता वाचली. ह्याचा कागद माझ्या हातात आला व्हता. तो मी फाडला."

पोलीस आले, पंचनामा झाला, बंदुका जप्त झाल्या. युवराज माझ्याशी महिनाभर बोलला न्हाय. पुढच्या ग्रामसभेत सूचक म्हणून माझं नाव लागलं आन् ठराव सगळ्यांनी हात वर करून पास केला. योगिनी मला एक शब्द बी टोचून बोलली न्हाय, त्याचंच जास्त लागलं.

आता खरी गोम ऐका. दिवाळीनंतर युवराज कागद घेऊन आला. त्यानं पोकलेन लावून टेकाडावर दहा फुटांचा भराव घातला व्हता. लाल झेंडा शिवून आणला व्हता. आदल्या दिवशी भोंग्यावर सांगायचं बी त्यानं कबूल केलेलं. म्हणाला, आई, तूच मांडलेला ठराव, त्यातलं समदं पाळतोय, आता फक्त रानमालकाची सही. खोटं काय बोलत न्हवता. कायद्यानं त्याचं बरोबर व्हतं. मी म्हणलं, म्हाळसा व्हय म्हणाली तर सही करते.

कागद पिशवीत घातला, त्याच्यावर खण आन् नारळ ठेवला, आन् यष्टीनं मोरगाव गाठलं. तिथनं तिच्या वस्तीवर चालत गेले. म्हाळसानं पाणी दिलं, चहा ठेवला, घोंगडी अंथरली. तीच घोंगडी, भोक शिवलेलं. सृष्टीला आता दिवस गेलेले. मी तिची वटी भरली, तिनं पदर पसरून घेतली, वाकून नमस्कार केला. मला बरं वाटलं. मग मी भरावाचं सांगितलं, झेंड्याचं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं, आन् म्हणलं, म्हाळसे, ह्या साली रान लवकर मोकळं व्हणार हाय, ये.

म्हाळसानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "अक्का, त्या दिवशी बी आमी चोरून आलो न्हवतो. तुमीच बोलावलं व्हतं."

चहा पिऊन मी उठले आन् सांजच्या यष्टीनं परत आले. कागद पिशवीत तसाच हाय, सही न केलेला. युवराज रोज एकदा पिशवीकडं बघतो.