दोन सफरींमधली दुपार

बाईंनी जहाजाच्या सफरींचं माहितीपत्रक पालथं करून टेबलावर ठेवलं आणि वर कोपर टेकलं, म्हणजे डॉक्टर नवऱ्याला ते पुन्हा उचलता येऊ नये.

"लांबची नको," त्या म्हणाल्या. "छोट्या तीन द्या. एकीला लागून एक."

काचेच्या टेबलामागे बसलेल्या बुकिंगवाल्या मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. अर्धा तास हेच चाललं होतं. तिने समोरचा चहासुद्धा गार होऊ दिला होता.

"अगं, पण त्या तिन्ही इथल्या इथेच फिरतात," डॉक्टर म्हणाले. आवाज मऊ होता, कारण मुलगी ऐकत होती. "तेच बंदर, तोच किनारा, तीच दोन बेटं. टबात बदक सोडल्यासारखं. मोठ्या सफरीत निदान पलीकडच्या किनाऱ्याला तरी लागू."

"पलीकडे काय ठेवलंय?"

"मोठ्या सफरीत मधे सलग सहा दिवस नुसता समुद्र आहे," मुलगी म्हणाली. "काही लोकांना ते फार आवडतं. काहींना कंटाळा येतो."

"आम्हाला कंटाळाच येईल."

"तुला येईल," डॉक्टर मुलीकडे बघून हसत म्हणाले. "मला नाही."

मुलीने मग समजावून सांगितलं, की छोट्या सफरी जोडून घेतल्या तर केबिन तीच राहते, सामान हलवावं लागत नाही. जहाज मधे मधे बंदरात परत येतं, जुने प्रवासी उतरतात, नवे चढतात. तुम्ही मात्र जहाजावरच.

"म्हणजे जेवायच्या टेबलावरची माणसंही बदलणार?" बाईंनी विचारलं.

"हो, सगळीच."

"मग हेच करा."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. बायकोकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मुलीकडे वळून म्हणाले, "आमच्या घरात शेवटचा शब्द माझाच असतो. तो शब्द म्हणजे 'बरं'."

मुलगी खळखळून हसली. बाई भिंतीवरच्या जहाजाच्या चित्राकडे बघत बसल्या. हा विनोद लग्नाइतकाच जुना होता आणि लग्नापेक्षा चांगला टिकला होता.

फूटपाथवर येताच डॉक्टरांचं हसू मावळलं. "लोकांसमोर माझा पाणउतारा करायची एकही संधी सोडू नकोस."

"लोकांसमोरच तुम्ही माणसात असता. म्हणून तिथेच बोलते."

गाडीत बाई मागच्या सीटवर बसल्या.

डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. घाबरून थरथरणाऱ्या माणसाशी ते असं काही बोलत, की तो हसता हसता झोपी जाई. जागा झाल्यावर त्याच्याशी बोलायचं काम मात्र दुसऱ्या कुणाचं. बाईंनी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. नवऱ्याचं निरीक्षणही त्यांनी त्याच चिकाटीने केलं होतं. नवं माणूस समोर आलं की हा गृहस्थ तीन दिवस, फार तर चार दिवस, सोन्यासारखा वागतो. त्या दिवसांत बायकोलाही उठून पाणी आणून देतो. मग मुलामा उडतो आणि टोचून बोलणं सुरू होतं. लेकीचे सासू-सासरे आठवडाभर राहायला आले होते, तेव्हा पाचव्या दिवशी विहीणबाई डोळे पुसत आवराआवर करायला लागल्या होत्या.

उपाय साधा होता. माणसं येत राहिली पाहिजेत आणि वेळेवर जातही राहिली पाहिजेत. बाईंनी घर तसंच ठेवलं. भाचे, पुतणे, शेजारी, कुणाचे तरी साडू. पण निवृत्तीनंतर येणारे कमी झाले. दोघं दोन खोल्यांत बसू लागले. लेक फोनवर म्हणाली, "आई, कुठेतरी जाऊन या ना तुम्ही." मग घाबरून म्हणाली, "दोघंच जाल का पण?"

जहाजावर त्यांना सहा जणांचं टेबल मिळालं. सोबत एक निवृत्त इंजिनिअर, त्यांची बायको आणि एकमेकींच्या सोबतीने आलेल्या दोन बहिणी. बहिणी कुठल्याही गोष्टीवर हसायला तयारच होत्या, त्यामुळे पहिल्याच रात्री डॉक्टर रंगात आले. बाईही काही कमी पडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या शर्टाची दुमडलेली कॉलर सरळ केली, त्याच्या ताटलीत आपल्यातला लिंबाचा तुकडा ठेवला, "ह्यांना विचारा, ह्यांना सगळं माहीत असतं," असं दोनदा म्हणाल्या.

"नशीबवान आहात हो," थोरली बहीण त्यांच्या कानाशी लागली.

"आहेच," बाई म्हणाल्या.

केबिनचं दार लागलं की दोघांचेही चेहरे उतरत. कपाटातले सगळे हँगर बाईंनी घेतले होते. डॉक्टरांनी आपले शर्ट खुर्चीवर रचले आणि रात्री बाल्कनीचं दार उघडं ठेवलं. बाईंनी उठून ते लावलं. त्यांनी पुन्हा उघडलं.

"श्वासही घेऊ नको का मी?"

"घ्या की. घोरता तो कमी पडतो का?"

चौथ्या आणि शेवटच्या रात्री इंजिनिअर आपण बांधलेल्या एका पुलाची हकिगत सांगत होते. तिसऱ्यांदा सांगत होते, हे खरं. डॉक्टरांनी काटा खाली ठेवला.

"तुमचा पूल पडला नाही, एवढंच रोज सांगताय. आमच्याकडे पेशंट जागा झाला, तर आम्ही त्याचं कीर्तन करत नाही."

धाकटी बहीण हसायला म्हणून तोंड उघडून तशीच राहिली. इंजिनिअरच्या बायकोने पर्स उचलली. बाईंनी मात्र खाली बघत शांतपणे ब्रेडला लोणी लावलं. अगदी ठरल्या वेळेला झालं होतं. उद्या ही सगळी उतरणार होती. आपलं गणित बरोबर आल्याचा आनंद बाईंना लपवावा लागला.

सकाळी जहाज बंदराला लागलं. बॅगा घरंगळत गेल्या. इंजिनिअर पती-पत्नी निरोप न घेताच उतरले. कर्मचारी खोल्या-खोल्यांतून चादरी ओढून बोळात ढीग घालत होते. मग तेही पुढच्या मजल्यावर गेले आणि एवढं मोठं जहाज अचानक रिकामं झालं. मागे राहिलेले थोडेसे प्रवासी वरच्या डेकवर ऊन खात पडले. डॉक्टरांना ऊन सोसत नव्हतं आणि बाईंना भूक लागली होती, म्हणून दोघं जेवणघरात गेले. वाढप्याने त्यांना नेहमीच्याच टेबलावर बसवलं, दोनच ताटल्या मांडल्या आणि तोही निघून गेला.

बाईंनी सूप चाखलं. "मीठ."

डॉक्टरांनी मिठाची डबी सरकवली. मग म्हणाले, "तुला वाटतं मला कळत नाही."

"काय?"

"छोट्या सफरींचा हट्ट का धरलास ते. माणसं बदलावीत म्हणून. माझा चांगुलपणा चार दिवस पुरतो, म्हणून."

बाईंचा चमचा क्षणभर थांबला. पण माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "चारच दिवस पुरतो. काल त्या बिचाऱ्या माणसाला काय बोललात?"

"वाईट बोललो. कबूल. पण तुझं काय?"

"माझं काय?"

"ती माणसं होती तोवर माझी कॉलर सरळ करत होतीस. 'ह्यांना विचारा' म्हणत होतीस. सकाळी ती उतरली. तेव्हापासून माझ्याशी दोन शब्द बोललीस. 'सरका' आणि 'मीठ'."

"तुम्ही तरी काय भाषण केलंत?"

"नाही केलं," डॉक्टर म्हणाले. "घरीही हेच. पाहुणे आले की तू माझ्या वाट्याला येतेस. म्हणून मीही बोलावत राहिलो ना सगळ्यांना. तुझ्या बहिणीची ती सासू मला डोळ्यांसमोर नको असते. तरी दर सुट्टीत तिला फोन कोण करत होतं?"

हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्या बाईला दर वर्षी आपल्याकडेच यायची हुक्की का येते, याचं त्यांना नेहमी नवल वाटायचं.

"मग लांबची सफर कशाला हवी होती?"

"सहा दिवस नुसता समुद्र. टेबलावरचे सगळे कंटाळले असते मला. जवळ कुणी बसलं नसतं. मग तुला माझ्याशी बोलावं लागलं असतं. भांडली असतीस तरी चाललं असतं."

"भांडायला समुद्र कशाला लागतो?"

"तिथून उठून जाता येत नाही."

बाईंनी चमचा खाली ठेवला. लेक पहिलीत असताना त्या एकदा उठून गेल्या होत्या. पोरीला घेऊन धाकट्या बहिणीकडे राहिल्या, चांगलं वर्षभर. मग एका संध्याकाळी कळवून परत आल्या, तर घर माणसांनी भरलेलं. दीर, नणंदा, शेजारीपाजारी. डॉक्टरांनी दारातून बॅग आत नेली, "आली बुवा एकदाची," म्हणाले, सगळे हसले आणि पानं घेतली गेली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. का गेलीस, असं नवऱ्याने कधी विचारलं नव्हतं. उत्तर मात्र बाईंनी वर्षानुवर्षं धार लावून ठेवलं होतं.

"का गेले होते, तेच विचारायचंय ना?" त्या म्हणाल्या. "विचारा. उत्तर तयार आहे केव्हाचं."

"ते कशाला विचारू? माझ्यामुळे गेलीस." डॉक्टर रुमालाची घडी घालत होते आणि टोकाला टोक लागत नव्हतं. "परत का आलीस, ते विचारायचं होतं."

बाईंनी तोंड उघडलं. धार लावलेलं उत्तर या प्रश्नाला लागू पडत नव्हतं.

तेवढ्यात जेवणघराच्या दाराशी गलका झाला. नवे प्रवासी आले होते. गळ्यात केबिनची कार्डं अडकवलेलं एक जोडपं थेट त्यांच्याच टेबलाशी येऊन थांबलं.

"नमस्कार!" तो माणूस म्हणाला. "आमचं हेच टेबल दिसतंय. बसू ना?"

डॉक्टरांचा चेहरा आपोआप उजळू लागला. बाईंना ते दिसलं. आणि त्याच वेळी आपलेही गाल हसण्यासाठी वर चढताहेत, हे त्यांना जाणवलं. त्यांनी शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "जागा घेतलेल्या आहेत."

त्या माणसाने रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्याची बायको ऐकू जाईल अशा बेताने काहीतरी पुटपुटली आणि दोघं फणकाऱ्याने पलीकडे गेले.

डॉक्टर खाली ताटलीत बघत होते. "चारही?"

"चारही." बाईंनी आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली. "आता सांगते. आणि मधे तोंड घालायचं नाही."