शांततेनंतरचा भाग

सलिलच्या 'बिनबोल' या बँडमध्ये गायक नव्हता, आणि ठेवायचाही नाही असा त्याचा हट्ट होता. त्या हट्टापायी बँडने काय काय ऐकून घेतलं! ठाण्याच्या कॅफेत मालकाने विचारलं, "गाणारा ट्रॅफिकमध्ये अडकलाय का?" कल्याणच्या कॉलेजात पोरांनी मोबाइल काढले, ते गेम खेळायला. बेसवाला कंटाळून कॅनडाला गेला. उरले तिघं: गिटारवर सलिल, ड्रम्सवर विनीत आणि कीबोर्डवर नीरजा.

यंदा दिवाळी पहाटेला फडके रोडजवळच्या एका मंडळाने त्यांना स्टेज दिलं. रचना एकच, पण लांबलचक. आधी गिटारचा धुमाकूळ, मग सगळं एकदम थांबतं, आणि त्या शांततेतून नीरजाचा कीबोर्ड एकटाच उठतो. तो भाग तिनेच बांधलेला. कोपर स्टेशनजवळच्या सरावाच्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून, तिने तो वर्षभर घोटला होता. 'नुसती ठोकाठोक' म्हणून नाक मुरडणारे तिचे बाबा, आनंदराव, आज पहिल्यांदाच ऐकायला आले होते; नवा झब्बा घालून, पुढच्याच रांगेत.

गिटार थांबली. विनीतने झांजा हाताने दाबल्या. शांतता झाली आणि लोकांना वाटलं, संपलं! टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदिका लगबगीने पुढे आली, "वा! क्या बात है!"

सलिलला फक्त 'अजून आहे' एवढंच म्हणायचं होतं. माइक हाताशी होता. पण एवढ्या टाळ्या त्याने जन्मात ऐकल्या नव्हत्या, आणि मेल्या लोभाने तिथेच घात केला. पुढचं वाजवलं आणि लोक उठून गेले तर? त्याने हात जोडले, चांगला कमरेत वाकला. मागे नीरजाची बोटं पट्ट्यांवर तशीच टेकलेली होती.

खाली उतरल्यावर त्याला मान वर करवेना. विनीत त्याच्याकडे न बघता केबल गुंडाळत होता. तेवढ्यात आनंदराव आले.

"छान वाजवलंत रे पोरांनो! पण सलिल, शेवटचा भाग आमच्या नीरूचा आहे ना? तो कुठे गेला?"

सलिलचे कान लाजेने तापले.

"तो अजून नीट बसला नाहीये, बाबा," नीरजाच बोलली. "मीच म्हटलं, आज नको."

"बघ! तुझ्यामुळे बाकीचे अडतात. जरा मन लावून तयारी करत जा."

नीरजाने मान डोलावली. सलिल तेव्हाही गप्पच राहिला.